पाइपांची साल

हेमराज घरात येईना.

दारासमोर मोटरसायकल लावून तो तिच्यावरच बसून राहिला. सुरतेजवळच्या बमरोलीतली ती चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधून उघडं गटार. वैशाखाचं ऊन पत्र्यांवरून उसळून थेट डोळ्यांत येत होतं. तरी हा उन्हातच.

"घरमा ये ना रे," प्रमिलाबाई दारातून म्हणाली. "देख, आठे कितलं गार शे."

"नही आक्का, घाई शे. आखाजीनं आवतन दिवाले उनू. तू, जिजाजी, सोनाली, तिन्ही जन या. चंचलनी सांगं शे, सकाळमाच या."

"च्या तरी पी."

"आतेच पिसन उनू."

तिने पाण्याचा पेला भरून आणला. पाठचा भाऊ कडोदऱ्याहून उन्हातान्हात आलेला, घशाला कोरड पडली असणारच. हेमराजने पेल्याकडे पाहिलं, मग गाडीला अडकवलेली स्वतःची बाटली काढली आणि तिच्यातलं कोमट पाणी प्यायला. पिताना त्याची नजर एकदा तिच्या डोक्यावरून खोलीत गेली, वर छताकडे गेली, आणि चटकन खाली आली.

"येतू मंग," म्हणून तो गेला.

प्रमिलाबाई पेला हातात धरून उभी राहिली. समोरच्या खोलीतली बाई भांडी घासता घासता सगळं बघत होती. सख्ख्या भावाने बहिणीच्या हातचं पाणी घेतलं नाही, हे आता संध्याकाळपर्यंत नळावर जाणार.

हे चंचलचं काम, तिच्या मनात आलं. वहिनीने कान भरले. टीबीवाल्या घरात जाऊ नका म्हणाली असेल.

याच हेमराजला दगाने सुरतेत आणलं होतं. दगा तिचा नवरा. पारोळ्याकडच्या गावातून तो आधी आला, मिलमध्ये लागला, आणि मग बायकोच्या भावाला बोलावून घेतलं. दगाचं काम वेगळंच होतं. डाइंगच्या मिलमध्ये बॉयलरपासून सगळीकडे वाफेचे पाइप जातात. वाफ थंड पडू नये म्हणून त्यांच्यावर जाड आवरण चढवलेलं असतं, वरून प्लास्टर. ते जुनं झालं की फोडायचं, सोलायचं, नवं चढवायचं. गडी त्याला साल काढणं म्हणत. दगाने वीस वर्षं पाइपांची साल काढली. हेमराजला छिन्नी कशी धरायची ते त्यानेच शिकवलं. पण हेमराजला बोलता येत होतं, साहेबलोकांसमोर उभं राहता येत होतं. तो मुकादम झाला, ठेके घेऊ लागला, आणि दगा त्याच्या हाताखाली सालच काढत राहिला. त्याचं दोघांनाही कधी काही वाटलं नव्हतं. निदान प्रमिलाबाईला तसं वाटत होतं.

यंदा हायवेकडची एक जुनी मिल बंद पडली आणि तिची तोडफोड हेमराजने घेतली. कपड्याच्या घड्या घालायच्या खात्यात पत्र्याखाली जाड राखाडी गाद्या लावलेल्या होत्या, ऊन आत उतरू नये म्हणून. शिमगा झाला तसा दगा एका दुपारी टेम्पोतून तसल्या गाद्या घेऊन घरी आला.

"तू दिनभर या पत्राखाले भुंजाई जास," तो म्हणाला. "देख आते."

खुर्चीवर स्टूल ठेवून, तारेने बांधून त्याने साऱ्या छताला गाद्या लावल्या. खालून तिचीच एक जुनी साडी ताणली. करताना दोनदा खाली उतरून दम घेतला. संध्याकाळी खोलीत पाय टाकला तर सावलीत आल्यासारखं वाटलं. चाळीतल्या बाया बघायला आल्या. एकीने आपल्या नवऱ्याला तिथेच हाक मारून दाखवलं. प्रमिलाबाईने सगळ्यांना चहा केला.

ती घरीच काम करायची. शेठकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांवर काचेचे खडे चिकटवायचे. वर पंखा फिरायचा. पंधरवड्यात साड्यांवर काहीतरी पांढरट बसायला लागलं. हाताने पुसलं तर जात नव्हतं, म्हणून ती प्रत्येक साडी दोन्ही हातांनी झटकायची आणि मगच घडी घालायची. मानेला खाज सुटायची, दंडावर चट्टे उठायचे. सोनाली, तिची मुलगी, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून आली की म्हणायची, "मम्मी, घामोळं आहे, पावडर लाव." मग खोकला लागला. कोरडा, टोचणारा. साड्या न्यायला येणारा दीपक एकदा सगळ्या चाळीसमोर म्हणाला, "मौसी, माल पे ये क्या गिराती हो? पाउडर लगा के बैठती हो क्या?" बाया हसल्या. तीही हसली. आत येऊन तिने सगळ्या साड्या पुन्हा झटकल्या.

नाक्यावरच्या डॉक्टरने छातीला नळी लावली न लावली आणि म्हणाला, "टीबी जैसा लगता है." लाल गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासली नाही, फोटो काढला नाही. गोळ्यांनी लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, खोकला तसाच राहिला.

चाळीला कळायला वेळ लागला नाही. नळावर तिची कळशी आली की दुसऱ्या कळश्या मागे सरकायच्या. खोलीमालक छगनभाई भला माणूस, पण तोही एकदा गटाराच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "बेन, बीजा लोको बोले छे. थोडा दिवस गामडे जई आवो ने."

तेव्हापासून प्रमिलाबाई माणसांकडे निरखून बघायला शिकली. कोण किती लांब उभं राहतं, कोण पदर नाकाला लावतं, कोण हातातली वस्तू खाली ठेवून देतं. आणि बघता बघता एक दिवस तिची नजर नवऱ्यावर येऊन थांबली.

खोकला आधी त्याचा होता. तिचा या शिमग्यानंतरचा, त्याचा कितीतरी जुना. सकाळी उठला की खाटेच्या कडेला बसून तो आधी खोकायचा, मग बोलायचा. पोतं उचलणारा माणूस आता पाण्याची बादली आणताना मध्ये उभा राहायचा.

"तुम्हाले कव्हयपासून शे?" तिने विचारलं.

"काय?"

"खोकला."

"मिलमा समदाच खोकतस."

"मन्हापाशी काही दपाडतस का?"

दगाने तिच्याकडे पाहिलं. "काय दपाडू?" एवढंच बोलून तो डबा घेऊन निघून गेला.

यानेच आणला रोग, तिला वाटलं. याला माहीत होतं आणि याने लपवलं. बाहेर बिडी ओढत असेल, दारू पीत असेल, कुठे बसतो कुणास ठाऊक. त्या मिलमध्ये जाऊन एकदा बघायचंच, असं तिने ठरवलं.

हेमराज पाणी न पिता गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दगाला डबा दिला नाही. "भाजी व्हयनी नही, दुपारले लई येस," म्हणाली. आणि उन्हातून चालत, मध्ये मध्ये भिंती धरत, खोकत ती मिलवर पोचली.

वॉचमनने डबा पाहून सोडलं. आत नुसता सांगाडा उभा होता. दारं-खिडक्या निघालेल्या, यंत्रं गेलेली, वर मात्र पाइपांचं जाळं. दगा फळ्यांच्या परांचीवर उभा होता. हातोड्याचे घाव घातले की प्लास्टर फुटायचं. मग तो छिन्नी आत घालून ओढायचा आणि आतली पांढरी, तंतूतंतूंची साल लांबच्या लांब सुटून खाली पडायची. खाली गडी ती हातांनी गोळा करून पोत्यांत कोंबत होते. तोंडाला रुमाल. छताच्या भोकातून ऊन येत होतं, त्या उन्हात धूळ पडत नव्हती की उडत नव्हती, नुसती तरंगत होती. दगाच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कान पांढरे. बिडी नव्हती, बाटली नव्हती. चार घाव घातले की तो पाइपाला धरून तोंड उघडं टाकून उभा राहायचा. खालून लोटू नावाचा जुना गडी ओरडायचा, "दगा भो, आराम कर ना रे!" आणि दगा हात हलवून पुन्हा हातोडा उचलायचा.

प्रमिलाबाईला स्वतःची लाज वाटली. ती त्याला पकडायला आली होती.

तिने हेमराजला शोधलं. तो आत नव्हताच. आवाराच्या पार टोकाला, वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या तोंडाला रुमाल नव्हता. दोन्ही गालांवर दोन गोल डब्या असलेला रबरी मास्क होता, रंग फवारणारे लावतात तसला. ती बघत असतानाच वारा फिरला. मिलच्या तोंडातून धुळीचा एक लोट आवारात आला. हेमराज उठला, त्याने खुर्ची उचलली आणि आवार ओलांडून दुसऱ्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला. हे करताना तो फोनवर बोलतच होता. रोजची सवय असल्यासारखं.

जेवायची सुट्टी झाली. गडी हात झटकून तिथेच जेवायला बसले. हेमराज नळावर गेला, तोंड धुतलं, केस धुतले, अंगातला शर्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारून ती केबिनमागे खिळ्याला टांगली. दुसरा शर्ट चढवला. मग डबा उघडला.

प्रमिलाबाईने डबा वॉचमनकडेच ठेवला आणि ती कुणाला न भेटता परत फिरली. वाटेत एकच विचार घोळत होता. हा कशाला भितो? आणि तो भितो ते माझ्या घरात कसं आलं?

दगाला ती काही बोलली नाही. आपल्याला दिसलं ते खरं की आपलं मनच आता सगळीकडे वाकडं बघायला लागलंय, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती कडोदऱ्याला गेली ते मन घट्ट करून. चंचल लांबून नमस्कार करेल, वेगळं ताट देईल, आपण काही बोलायचं नाही. पण चंचल दारातच पाया पडली आणि गळ्याशी आली. ओट्यावर खापरावरच्या पुरणपोळ्या होत होत्या, घरभर गुळाचा वास. पुरुषांची पंगत उठली तशी चंचल एकच ताट वाढून घेऊन आली.

"आक्का, आपन एकच ताटमा जेवसूत."

प्रमिलाबाईचा हात अडला. "तुले माहीत नही का वं? माले टीबी सांगेल शे."

"कथाना टीबी?" चंचल पोळी मोडत म्हणाली. "यास्नी त सांगं, आक्काले टीबी नही."

"हेमराजनी सांगं?"

"हां. मी घाबरनी व्हती ना, पोऱ्यास्ना घर शे म्हनीसन. त्या म्हने, टीबी नही शे तो, तू काळजी करू नको."

प्रमिलाबाईने घास खाली ठेवला. "चंचल, त्याना कामना कपडा कोन धोस? तू?"

"नही वं. त्या कपडा घर आनतच नहीत. तठेच ठेवतस. माले कव्हय हात लावू देत नहीत." बोलता बोलता चंचलचा आवाज मंदावला. "काबर?"

बाहेरच्या खोलीत दगा आणि हेमराज पान खात बसले होते. प्रमिलाबाई दारात जाऊन उभी राहिली.

"हेमराज, माले टीबी नही, हाई तुले कोनी सांगं?"

हेमराजने आधी बहिणीकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे.

"मन्हा घरमा तू काबर येत नही?"

"आक्का, सनना दिन शे..."

"सनना दिनच ईचारस. काबर येत नही?"

दगा म्हणाला, "काय शे वं? काय लावं हाई?"

हेमराज खाली फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमना छतमा ती गादी शे. मी व्हतू नही त्या दिन, जिजाजी लई गयात. माले मांगतून समजनं. ती बी तीच चीज शे. पाइपनी सालमा शे तीच."

"मंग?"

"दोन वरीस पहिले एक सायेब उना व्हता, मोठी कंपनीना. पांढरा कपडा घालीसन, मुंडकापासून पायलोंग. तो माले बाजूले लई गया. म्हने, ही जुनी साल छातीमा जास नि तठेच बसस. निंघत नही. कपडा घर लई जाऊ नको, पोऱ्यास्ले उचलू नको. त्यानीच तो मास्क दिधा."

"एकच दिधा?" प्रमिलाबाईने विचारलं.

हेमराजने पानदान बाजूला सरकवलं.

"माले सांगं नही तू," दगा म्हणाला. आवाज चढला नव्हता.

"तुम्हाले सांगं असतं जिजाजी, त समद्यास्ले समजी जातं. एक मानूस थांबता नही. मन्हा हातमा काय राहतं? आनि तुम्ही त इतला वरीसपासून करीच राहिनात. माले वाटनं, व्हयनं ते व्हयनं."

"आनि मी?" प्रमिलाबाई म्हणाली. "मन्हाबी व्हयनं ते व्हयनं?"

"आक्का, सांगानं म्हनीसनच येत व्हतू. कितला येळा उनू. दारमा उनू की जीभ उचलायेच ना."

चंचल नवऱ्याच्या केसांकडे बघत होती. ओट्यावर खेळणारं आपलं पोर तिने ओढून कडेवर घेतलं आणि आत निघून गेली. हेमराज तिच्यामागे अर्धा उठला, पुन्हा बसला.

दगाने पान थुंकून टाकलं, चूळ भरली. "चाल," तो बायकोला म्हणाला. सोनालीने चपला शोधल्या. बसमध्ये तो खिडकीशी बसून राहिला आणि बमरोली जवळ आली तेव्हा एकदाच बोलला. "त्याले छिन्नी धरानं मी शिकाडं."

सोनालीने सुट्टी टाकून दोघांना सरकारी हॉस्पिटलात नेलं. पेशंट प्रमिलाबाई होती, दगा नुसता सोबतीला. पण जिना चढून वर येईपर्यंत तो कठड्याला टेकून राहिला, आणि तरुण डॉक्टरीणबाईने प्रमिलाबाईला तपासता तपासता त्याच्याकडेच बघायला सुरुवात केली.

"काका, आप इधर बैठिए. हाथ दिखाइए."

त्याची बोटं टोकाशी फुगली होती, नखं गोल वळली होती. दगाला वाटायचं, हातोड्याने झाली. तिने पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काम क्या करते हो?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दगा सांगू लागला. मध्ये मध्ये दम लागायचा तिथे सोनाली गुजरातीतून पुरं करत होती.

तपासण्यांना बरेच हेलपाटे झाले. प्रमिलाबाईला टीबी नव्हता. छतातून जे पडतं त्याने घसा आणि कातडी सोलवटली होती, ते काढलं की खोकला जाईल, असं बाई म्हणाल्या. दगाचं तसं नव्हतं. दोन्ही फुप्फुसांना खालून वण पडले होते.

"दवाई?" दगाने विचारलं.

"साँस थोड़ी आसान करने की है, काका. ठीक करने की नहीं है. जो बैठ गया वो निकलेगा नहीं. अब और मत बैठने दो."

दगाने मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. प्रमिलाबाई उठता उठता थांबली.

"इनके कपड़े मैं धोती थी," ती म्हणाली. "शादी के बाद से. पहले बाहर झटकती थी, फिर धोती थी."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "आपका अभी साफ़ दिखता है. पर ये बीमारी बरसों बाद निकलती है. आपको हर साल आना पड़ेगा." मग सोनालीकडे बघून हळूच म्हणाली, "इसको भी."

त्यानंतर दगा जे बोलला नाही ते प्रमिलाबाईला बोललेल्यापेक्षा जास्त ऐकू येत राहिलं. गोधडीवर पडल्या पडल्या तो वर त्या ताणलेल्या साडीकडे बघायचा. तिला गारवा मिळावा म्हणून त्यानेच ते लावलं होतं. तिने एकदा त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही.

बाईंनी सांगितलं तसं त्यांनी छत उतरवलं. चाळीतल्या पोरांना लांब पिटाळलं, शेताला औषध मारायचा पंप कुणाकडून तरी आणला, आधी सगळं पाण्याने भिजवलं, मग तारा सोडून एकेक गादी ओलीच प्लास्टिकमध्ये घातली. खोली ओल्या फडक्यांनी पुसली, फडकीही त्यातच घातली. छगनभाई लांबून विचारत होता, "शुं छे? शुं छे आमां?" पिशव्या टाकायच्या कुठे हा प्रश्न आला तेव्हा दगा म्हणाला, "जथाईन आन्यात तथाच."

टेम्पोतून पिशव्या नेऊन त्याने मिलच्या केबिनसमोर उतरवल्या. प्रमिलाबाई त्याच्याबरोबर होती. काम चालू होतं. गडी एकेक करून थांबले आणि बाहेर आले.

दगा बोलला. त्याला सलग बोलता येत नव्हतं, चार शब्द झाले की थांबायचा. छाती, साल, कपडे, बायको, पोर. डॉक्टरबाई काय म्हणाली ते.

लोटूने डोळे बारीक केले. तो दगाच्या बरोबरीचाच, वाफेच्या पाइपांवर त्याच्याच संगतीने म्हातारा होत आलेला.

"कोनता दुसरा मुकादमनी पाठाडं तुले?" लोटू म्हणाला.

"कोनी नही."

"मंग आतेच काबर? ठेका अर्धावर उना नि आते तुले खोकला दिसना? शालासंगे भांडन व्हयनं का घरमा?"

मागून कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "याले टीबी शे रे, बायकोले बी शे. चाळमा समदास्ले माहीत शे."

प्रमिलाबाई पुढे झाली. "माले टीबी नही. ईचारा याले." तिने हेमराजकडे बोट केलं. तो खुर्चीवरून उठून उभा होता, मास्क तोंडावर. "ईचारा, तो मन्हा घरमा काबर येत नव्हता."

सगळे तिकडे वळले.

"मुकादम," लोटूने हाक मारली. "खरं शे का?"

हेमराजने मास्क गळ्यात ओढला. बहिणीकडे बघितलं नाही. "डॉक्टर काही बी सांगतस. इतला वरीस काम करं, कोन मरनं का? ज्याले भ्याव वाटस, त्यानी घर जावानं."

"बरं," लोटू म्हणाला. "मंग आठे ये. तो गळाना डबा काढी ठेव. आम्ही काम करतस, तू आम्हनासंगे उभा राह्य."

हेमराज हसला. मग कुणी हसत नाही हे पाहून त्याने मास्क काढला, खुर्चीवर ठेवला, आणि आवार ओलांडून मिलच्या तोंडाशी आला. आतल्या अंधाराच्या रेषेवर येऊन उभा राहिला. वर परांचीवर एक गडी राहिला होता, त्याला खालचं काही ऐकू गेलं नव्हतं. त्याने घाव घातला. हातभर साल सुटून खाली आली आणि आपटली. धूळ उठली.

हेमराजचा हात तोंडावर गेला. दोन पावलं, तीन पावलं, मागे मागे, पार उन्हात. तिथे थांबून त्याने शर्टाच्या बाह्या झटकल्या, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत.

लोटूने हातातली छिन्नी जमिनीवर ठेवली. आवाज होऊ नये अशी ठेवली. मग वर बघून हाक दिली, "उतर रे खाले. उतर."

त्या दिवशी काम बंद पडलं ते हेमराजला पुन्हा उभं करता आलं नाही. मिलवाल्यांनी ठेका काढून घेतला. गड्यांतले अर्धे दुसऱ्या कामाला लागले, लोटू सोनालीकडून हॉस्पिटलचा पत्ता घेऊन गेला. बाकीचे अजूनही म्हणतात, दगाने शालकावर जळून हे केलं, आमची रोजी घालवली. नळावर कळश्या आता सरकत नाहीत, पण बाया तिच्याशी जपून बोलतात. हिच्या पुढ्यात काही बोललं तर ही कुठे नेऊन ठेवील सांगता येत नाही, असं त्यांना वाटतं. चंचलचा फोन येतो. हेमराज बाजूला असला तरी तो घेत नाही, आणि प्रमिलाबाई मागत नाही.

दगा सुताच्या एका गोडाऊनवर दारवान बसला. बसायचं काम. दार उघडायला उठतो आणि भिंत धरतो.

मिलमध्ये नवी माणसं आली, पार लांबच्या राज्यातली. त्यांच्यातल्या कुणाची बायको इथे नव्हती, कुणाला मराठी येत नव्हतं. सगळे मिलच्या मागेच शेडमध्ये राहत होते. बाजारातून येताना प्रमिलाबाईला भिंतीपलीकडून घावांचे आवाज ऐकू यायचे. पहिल्या दिवशी ती तशीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग एका दुपारी, गडी गाड्यावर खायला बाहेर आले तेव्हा ती फाटकाशी थांबली. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या.

तिने सांगितलं, मोडक्या हिंदीत, जेवढं येत होतं तेवढं.

वॉचमन नवा होता. "किस पार्टी की हो, मौसी?" तो म्हणाला. गडी एकमेकांकडे बघून हसले. एकाने हातानेच डोकं फिरल्याची खूण केली. एकजण मात्र न हसता तिच्याकडे बघत होता, तिच्या पिशवीकडे, चपलांकडे, ही काय विकायला आली आहे ते शोधत.

"इसमें तुमको क्या मिलेगा?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं. मेरा आदमी यहीं था. तुम्हारी जगह पे."

"था?"

"है. साँस नहीं ले सकता."

त्या गड्याने हातावरची पांढरी पूड अंगठ्याने घासून बघितली.

"तो क्या करें?"

"सूखा मत तोड़ो. पहले पानी मारो, फिर तोड़ो."

"पानी का नल अंदर है," तो म्हणाला. "उसपे ताला मारा है."

त्याच्या मागचे दोघेतिघे आता हसायचे थांबले होते. प्रमिलाबाईने पिशवी खाली ठेवली आणि वॉचमनकडे वळली.

"चाबी किसके पास है?" तिने विचारलं.